होन, पुतळी आणि गिनी

दसरा-पाडवा आला की कोल्हापूरच्या गुजरीत पाय ठेवायला जागा नसते. पूर्वी अशा दिवशी माणूस सोन्याची वेढणी घ्यायचा, नाहीतर घरच्या माळेत दोन पुतळ्या वाढवायचा. आता पुष्कळ जण पाकिटात बंद केलेले नाणे मागतात. एक ग्रॅमचे, दोन ग्रॅमचे, जमलेच तर दहा ग्रॅमचे. उसाचे बिल हाती आलेला शेतकरी ते मागतो, पहिला पगार झालेली शिक्षिकाही मागते. दागिन्याची घडणावळ नको, नुसते सोने पाहिजे, असे त्यांचे म्हणणे असते, आणि ते रास्त आहे. पण नाणे म्हणजे नुसते सोने नव्हे. सोन्याच्या तुकड्यावर कुणीतरी आपला छाप मारतो तेव्हा त्याचे नाणे होते. मग गिऱ्हाईक पैसे मोजते ते कशाचे? सोन्याचे की छापाचे? हा प्रश्न आजकालचा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी तो रायगडावर निघाला होता, आणि तिथे त्याला जे उत्तर मिळाले ते पहिल्यांदाच नाणे घेणाऱ्या माणसाने ऐकून ठेवावे असे आहे.

६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्या वेळी मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर हजर होता. नजराण्याबरोबर तो तहाची कलमे घेऊन आला होता. त्यांतले एक कलम असे की, कंपनीची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. बाकीची बहुतेक कलमे मान्य झाली. या कलमापाशी मात्र गाडे अडले. महाराजांकडून उत्तर आले ते ऑक्झिंडेनने आपल्या कागदांत नोंदवून ठेवले आहे. त्याचा मतलब असा, की हे कलम घालण्याचे कारणच नाही; कोणाचेही नाणे चालायला आमची मनाई नाही, पण ज्या नाण्यात रयतेचा तोटा होईल ते घ्याच, अशी सक्तीही आम्ही रयतेवर करणार नाही; तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतरांच्या नाण्याइतके कसाला आणि वजनाला उतरले, तर ते चालेल.

बघा, किती नेमके बोलणे आहे! सिंहासनावर बसलेला राजासुद्धा असे म्हणत नाही की, हुकूम केला म्हणजे नाणे चालते. नाणे चालते ते वजनावर आणि कसावर. छाप ही त्या दोहोंची ग्वाही. ग्वाही खरी निघाली तर छापाला मान, खोटी निघाली तर त्याच छापाला बट्टा. आपल्या भाषेनेच हे जपून ठेवले आहे. 'नावाला बट्टा लागला' असे आपण म्हणतो, तो बट्टा मुळात सराफाच्या पेढीवरचा. झिजलेले, हलके किंवा परमुलखातले नाणे बदलून देताना सराफ जी रक्कम कापून घेई, तिला बट्टा म्हणत. 'कसाला लागणे' हे कसोटीच्या काळ्या दगडावरून आले. 'बावनकशी' म्हणजे उत्तम कसाचे सोने. नाणे खणखणीत आहे म्हणतो, ते फरशीवर टाकून आवाज ऐकण्याच्या रिवाजावरून. शाळेत वाक्प्रचार शिकवताना एवढे सांगितले तरी मुलांच्या ध्यानात राहते, असा माझा अनुभव आहे.

महाराजांनी स्वतःचे सोन्याचे नाणेही पाडले. तो शिवराई होन. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी नागरी अक्षरे. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. आज हे होन फारच थोडे उरले आहेत. पण त्या काळीसुद्धा खजिन्यात सगळे शिवराई होन होते असे समजू नका. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बखर लिहिली, तीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची मोठी यादी आहे. मोहरा आहेत, पुतळ्या आहेत, पातशाही होन आहेत, शिवराई आहेत, देवराई आहेत, अच्युतराई आहेत, धारवाडी आहेत. यादी वाचताना दम लागतो. एकेका नाण्याचे वजन निराळे, कस निराळा, म्हणून भाव निराळा. म्हणूनच पोतदार आणि सराफ हे राज्यातले महत्त्वाचे लोक. वसुलात आलेला होन कोणत्या जातीचा आणि त्यावर किती बट्टा, हे पोतदार ठरवी. त्याची नजर चुकली की नुकसान सरकारचे, आणि ती मुद्दाम चुकली की नुकसान कुळाचे.

होन हा शब्द कानडी. कानडीत 'होन्नु' म्हणजे सोने. कागल ओलांडले की कानडी कानावर पडू लागते, तेव्हा आपल्याला यात नवल वाटायला नको. विजयनगरच्या राजांनी सुमारे ३.४ ग्रॅम वजनाचा वराह किंवा होन सगळ्या दक्षिणेत रूढ केला, आणि राज्य बुडाल्यावरही लोकांनी त्याच वजनाचा आग्रह धरला. देवराई, अच्युतराई ही नावे त्याच राजांची. राजा जातो, वजन राहते. त्याआधी देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक होते. शिलाहार भोजाचे पन्हाळ्याचे राज्य तेराव्या शतकाच्या आरंभी यादव सिंघणाने जिंकले, तेव्हापासून हा मुलूखही यादवांच्या सत्तेखाली आला. पद्मटंक वाटीसारखा थोडा खोलगट असतो. मधोमध कमळ आणि भोवती राजाचे नाव वगैरे निरनिराळे ठसे, एकेक करून ठोकलेले. मागची बाजू कोरी. एका ठशात काम उरकण्याऐवजी पाच-सहा ठसे मारायचे, म्हणजे कुणी त्यातले सोने कातरले तर छाप तुटलेला लगेच दिसावा, असाही त्यात हेतू असेल असे मला वाटते.

याहून मागे गेले तर नाशिकच्या लेण्यांत जावे लागते. तिथे नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात सोन्याचा भाव दगडात कोरला आहे: पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण. कार्षापण म्हणजे चांदीचे नाणे. सत्तर हजार कार्षापण दान दिले, म्हणजे दोन हजार सुवर्ण, असा हिशेब करून दाखवला आहे. दुसरी एक गोष्ट त्याच लेखात आहे, आणि आपल्या विषयाला ती अधिक जवळची आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी उषवदाताने तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. ते त्याने पेटीत ठेवले नाहीत. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज वापरायचे. सोन्याचा भाव माहीत असलेल्या त्या माणसाने वर्षानुवर्षांच्या खर्चाची तरतूद मात्र सोन्यावर सोपवली नाही. सोने व्याज देत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. नाणे घ्यायला निघालेल्याने या लेखातली दोन्ही वाक्ये बरोबर न्यावीत.

त्याच सुमारास रोमची सोन्याची नाणी आपल्या बंदरांत उतरत होती. हिंदुस्थानच्या व्यापारापायी दरसाल पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी प्लिनी या रोमन ग्रंथकाराची तक्रार प्रसिद्ध आहे. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा रोमन समुद्रदेवतेची काशाची मूर्ती मिळाली. रोमचा व्यापार आपल्या दारापर्यंत आला होता तो असा. या रोमन नाण्यांचे आपल्या लोकांनी काय केले? पुष्कळ नाण्यांना भोके पाडलेली सापडतात. म्हणजे बाजारात फिरवण्याऐवजी ती गळ्यात घातली. इतकेच नव्हे, सोन्याचे नाणे ज्यांना परवडत नसे ते मातीची तशीच पदके करून घालीत. तेरच्या उत्खननात ती मिळाली आहेत.

आणि इथून आपण थेट पुतळीच्या माळेवर येतो. पुतळ्यांची माळ हा अस्सल मराठी दागिना आहे. अंबाबाईच्या दागिन्यांतही मोहरांची आणि पुतळ्यांची माळ आहे. पण पुतळीचे माहेर कुठले, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. ते इटलीतल्या व्हेनिस शहरात आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ साली डुकाट नावाचे सोन्याचे नाणे काढले. वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ चोख. एका बाजूला संत मार्क उभा आहे आणि त्याच्यापुढे व्हेनिसचा मुख्याधिकारी गुडघे टेकून बसला आहे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या कोंदणात येशू ख्रिस्त. १७९७ साली ते राज्य बुडाले, तोपर्यंत पाचशे वर्षे ना वजनात फेर केला, ना कसात. अरबस्तान, इराणकडून ही नाणी मिरी-मसाल्याच्या आणि कापडाच्या मोबदल्यात आपल्या किनाऱ्यावर आली. आपल्या लोकांना ती लिपी वाचता येत नव्हती आणि ते संतही माहीत नव्हते. त्यांनी पाहिल्या त्या बाहुल्या, पुतळ्या. आणि नाव पडले पुतळी. पुढे आपल्याच सोनारांनी तशी नाणी ठोकली. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आल्या, चित्रे बदलली, आणि आज पुतळीवर लक्ष्मी किंवा राम-सीता दिसते. बायाबापड्यांचा विश्वास चित्रावर नव्हता, वजनावर आणि कसावर होता, म्हणूनच हे चित्र बदलू शकले.

माळ करण्यात आपल्या आजी-पणज्यांची हुशारी होती, तिच्याबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही. पाटल्या मोडायच्या तर पुरी पाटली मोडावी लागते. कोल्हापुरी साज दिसायला देखणा, पण त्याच्या मण्यांत लाख भरलेली असते आणि घडणावळही भारी. मोडीला घातला की लाखेचे वजन वजा, मजुरी तर गेलीच. पुतळ्यांच्या माळेचे तसे नाही. रेशमात ओवलेल्या सुट्या पुतळ्या. पेरणीला दोन काढल्या, बाळंतपणाला एक काढली, आणि पीक बरे आले की पुन्हा ओवल्या. माळ कमी-जास्त होई, पण मोडत नसे. आणि ती स्त्रीच्या अंगावर असल्यामुळे तिच्या होकाराशिवाय तिला हात लावणे सोपे नव्हते. एवढे खरे की प्रत्येक पुतळीला ओवण्याची कडी असते, ती जोडताना हलक्या धातूची डाक लागते, आणि आटवल्यावर तितकी घट येते. जुनी पुतळी विकताना सराफ थोडे कापतो ते उगीच नाही. किती कापतो हे मात्र आधी विचारावे.

इंग्रजी अमलात पुतळीच्या जोडीला गिनी आली. आपण जिला गिनी म्हणतो ती खरे म्हणजे सॉव्हरिन. विलायतेत गिनी म्हणून निराळे नाणे होते आणि ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच बंद पडले. आपल्याकडे नाव तेवढे राहिले. सॉव्हरिनचे वजन ७.९८८ ग्रॅम, सोने बावीस कॅरट, म्हणजे चोख सोने ७.३२ ग्रॅम. कंपनी सरकारने १८३५ साली काढलेली मोहर यापेक्षा मोठी, बरोबर एक तोळ्याची होती आणि पंधरा रुपयांची समजली जाई. १८९९ साली सॉव्हरिन पंधरा रुपयांना कायदेशीर चलन ठरवली. पहिल्या महायुद्धात विलायतेहून सोन्याची नाणी आणणे धोक्याचे झाले, तेव्हा १९१८ साली मुंबईतच सॉव्हरिन पाडल्या. तेरा लाखांच्या आसपास. साल लिहिलेले असते त्याच्या वरच्या बाजूस 'आय' हे इंग्रजी अक्षर बारीक दिसले, तर ती मुंबईची समजावी. घरात जुनी गिनी असेल तर भिंग घेऊन पाहा. मुलांना फार मजा वाटते.

गिनीने छापाची किंमत म्हणजे काय, हे लोकांना शिकवले. लोक गिनीला आतल्या सोन्यापेक्षा थोडे जास्त देत, कारण ती तपासावी लागत नसे. मग या वरकड पैशासाठी बनावट गिन्या निघाल्या. १९५०च्या सुमारास लेबनॉनमधल्या बैरूतला अशा गिन्या पाडल्या जात, आणि गंमत अशी की त्यांतल्या पुष्कळ गिन्यांत सोने जवळजवळ पुरे असे! सोन्यात फसवणूकच नव्हती. फसवणूक होती ती छापात. सोने पुरे घालूनही खोटे नाणे काढणे परवडते, याचा अर्थ छाप फुकट मिळत नाही. त्याचे पैसे कुणीतरी मोजतो, आणि तो बहुधा गिऱ्हाईकच असतो.

आता सोन्याने आपल्या खेड्यांना केव्हा तारले आणि केव्हा नाही, ते बघू. १९२७च्या कायद्याने सोन्याचा सरकारी भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै ठरला होता. १९२९नंतर जगभर मंदी आली आणि शेतमालाचे भाव कोसळले. पण सरकारी सारा आणि सावकाराचे देणे रुपयांत होते, ते कमी झाले नाही. सप्टेंबर १९३१मध्ये इंग्लंडने सोन्याचा आधार सोडला, रुपया पौंडाला बांधलेला राहिला, आणि सोन्याचा भाव चढला. तेव्हा गावोगावच्या घरांतून पुतळ्या, गिन्या, पाटल्या सराफाकडे निघाल्या आणि मुंबई बंदरातून जहाजे भरभरून ते सोने विलायतेस गेले. इंग्रज अधिकारी म्हणत, लोक भाव चांगला आला म्हणून नफ्याने विकताहेत. राष्ट्रीय विचाराचे लोक म्हणत, हे अडचणीचे सोने आहे, पोटासाठी निघाले आहे. भाव चढला होता हे खरे. पण ज्याच्या घरी धान्याला भाव नाही त्याने सोने विकले तर त्याला नफेखोर म्हणणे मला तरी पटत नाही. मात्र त्या दिवसांत ज्याच्याकडे चार गिन्या होत्या त्याची जमीन वाचली, आणि ज्याच्याकडे नव्हत्या त्याची सावकाराकडे गेली. सोन्याचा उपयोग हा असा आहे. ते दरसाल काही देत नाही. वाईट वर्षी एकदाच देते.

उलट बाजूही आहे. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३मध्ये, सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. सोनारांच्या हातातले काम गेले, कित्येक घरे उघड्यावर आली. ती चौदा कॅरटची अट १९६६ साली सुटली. पण १९६८ साली सुवर्णनियंत्रणाचा कायदा झाला, त्याने लगड, पत्रा, तार असे बिनघडीव सोने बाळगायला सामान्य माणसाला मनाई केली. हा कायदा १९९० साली रद्द झाला. म्हणजे आज नुसते सोने म्हणून सोने घेण्याची जी मोकळीक आपण गृहीत धरतो, ती मधल्या सत्तावीस वर्षांत नव्हती. आणि भाव सदा चढतच असतो हाही समज खरा नव्हे. २०१२ साली दहा ग्रॅमचा भाव एकतीस हजारांच्या घरात होता. २०१५ साली तो सव्वीस-सत्तावीस हजारांवर उतरला होता. २०२५ साली तो लाखाच्या पुढे गेला, तो भाग वेगळा. पण २०१२ साली घेऊन २०१५ साली मुलीच्या लग्नाला विकणाऱ्याला या लाखाचा काय उपयोग?

तेव्हा पहिल्यांदाच नाणे घेणाऱ्याने काय पाहावे? आधी तोळ्याचा घोळ मिटवून टाकू. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, बारा मासे किंवा शहाण्णव गुंजा. आज दुकानात तोळा म्हणतात तेव्हा बहुधा दहा ग्रॅम धरतात. आजीच्या चिठ्ठीवर पाच तोळे लिहिले असेल आणि काट्यावर अठ्ठावन्न ग्रॅम भरले, तर कुणी वाढवलेले नाही. मग कस. नाण्यावर ९९९ असेल तर हजारात नऊशे नव्याण्णव भाग सोने, म्हणजे चोवीस कॅरट. ९१६ असेल तर बावीस कॅरट. दागिन्यांवर हॉलमार्कच्या शिक्क्याबरोबर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असणे १ एप्रिल २०२३पासून सक्तीचे आहे. चोख सोन्याच्या नाण्याचे थोडे निराळे आहे. त्यावरचा हॉलमार्क गावच्या दुकानदाराच्या हातात नसतो. भारतीय मानक ब्यूरोचा परवाना असलेल्या शुद्धीकरण-कारखान्यांना आणि सरकारी टांकसाळींना तो उमटवता येतो. नोव्हेंबर २०१५मध्ये सरकारने अशोकचक्राचे नाणे काढले, पाच आणि दहा ग्रॅमचे. त्याच्या दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी आहेत. साधेपणाने राहणाऱ्या माणसाला सोन्यावर बसवले आहे, असो.

मग छापाचा हिशेब. हा कागदावर करून पाहावा. सातवीच्या मुलाला जमेल. सोपे जावे म्हणून चोख सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपये धरू. गिनीत ७.३२ ग्रॅम चोख सोने, म्हणजे ७३,२०० रुपयांचे. दुकानदाराने ८०,००० मागितले, तर ६,८०० रुपये छापाचे, दुकानाचे आणि त्याच्या नफ्याचे. त्यावर शेकडा तीन जीएसटी, म्हणजे २,४००. आज घेतलेली गिनी उद्या त्याच भावाने सोने म्हणून विकली तर हे ९,२०० रुपये बुडीत धरा. सोन्याचा भाव शेकडा बारा-तेराने चढेल तेव्हा तुम्ही फक्त मुद्दलावर याल. नाणे जितके लहान तितका हा वरखर्च ग्रॅममागे जास्त, कारण एक ग्रॅमच्या नाण्यालाही छाप, पाकीट आणि दाखला लागतोच. महिन्याला एक ग्रॅम घेण्यापेक्षा पैसे पोस्टात साठवून वर्षाने एकदम दहा ग्रॅमचे घेतले तर छापाचे पैसे वाचतात. भाव मधेच चढला तर मात्र ते वाचलेले पैसे जातात. ज्याची त्याने तुलना करावी. हाती आलेला पैसा हाती राहत नाही असे ज्याला स्वतःबद्दल ठाऊक आहे, त्याने एकेक ग्रॅम घेतलेला बरा.

बँकेत नाणे मिळते म्हणून लोक विश्वासाने घेतात, आणि कस खरा असतोही. पण बँक नाणे विकते, परत विकत घेत नाही, हे घेतानाच ध्यानात ठेवावे. विकायला शेवटी गुजरीतच यावे लागते, आणि तिथे बँकेच्या छापाचे वेगळे पैसे मिळत नाहीत. म्हणून दुकानात पहिला प्रश्न, आज भाव काय, हा न विचारता, हेच नाणे मी उद्या आणले तर तुम्ही काय द्याल, असा विचारावा. उत्तर पावतीच्या मागे लिहून घेता आले तर उत्तमच. पाकीट फोडू नये, पावती टाकू नये. अडचणीच्या वेळी बँकेने विकलेल्या नाण्यांवर कर्ज मिळू शकते, पण तेही माणशी पन्नास ग्रॅमपर्यंतच. लगडीवर मिळत नाही. आणि ज्याला उषवदातासारखे व्याज हवे होते, त्याच्यासाठी सरकारने २०१५ साली सुवर्णरोखे काढले होते. आठ वर्षांची मुदत, आधी शेकडा पावणेतीन आणि पुढे शेकडा अडीच व्याज, छाप नाही आणि चोरीची भीती नाही. ज्यांनी घेतले त्यांचे भले झाले. सरकारला मात्र चढत्या भावाने ते महाग पडले, आणि फेब्रुवारी २०२४नंतर नवी विक्री थांबली.

जुन्या नाण्यांचे चार शब्द सांगून थांबतो, कारण त्यात आपल्या खेड्यातली माणसे फार फसतात. पाया खणताना हंडा सापडला, घाईत निम्म्या भावात देतो, असे सांगत येणारा माणूस एक खरे नाणे तपासायला देतो आणि पुढची पिशवी पितळेची निघते. शिवराई होनाच्या नकला तर जत्रेत मिळतात. होन खरा आहे असे कुणी सांगू लागला तर आधी समजून घ्यावे, की अभ्यासकांनासुद्धा आयुष्यात मोजकेच खरे होन हाताळायला मिळतात. क्वचित खरोखरच काही सापडते. २०२१ साली पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीला बांधकामावर २१६ सोन्याच्या मोहरा मिळाल्या, अठराव्या शतकातल्या. त्या ज्यांनी परस्पर घरी नेल्या त्यांच्याकडून पोलिसांनी ताब्यात घेतल्या. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले दहा रुपयांवरचे धन सापडले की जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. दहा रुपये ही मर्यादा आज हास्यास्पद वाटते, पण नियम तोच आहे.

घरच्या पेटीत वाडवडिलांचे एखादे नाणे असेल तर ते चिंचेने किंवा राखेने घासू नका. सोने गंजत नाही. घासले की सोनेच झिजते आणि अक्षरे जातात. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, सराफाच्या काट्यावर वजन करून कागदावर लिहा, आणि आटवण्याआधी एकदा जवळच्या वस्तुसंग्रहालयात किंवा कॉलेजच्या इतिहास विभागात दाखवून या.